रिकाम्या खोक्याचं वजन

काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कशावरही चटकन विश्वास बसत नाही. दुकानदार म्हणतो काटा बरोबर आहे, गिऱ्हाईक म्हणतं काटा मारलाय. मी दोघांचंही ऐकून घेतो आणि पितळी वजनं लावून बघतो. वीस वर्षं हेच केलं. त्यामुळे हे सगळं मी मोजून सांगतोय, एवढं ध्यानात ठेवा.

मागच्या अंगणातल्या झाडाची वाळकी फांदी तोडली, तेव्हा खारीचं घरटं खाली आलं. तीन पिल्लांतलं एकच जिवंत होतं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. बायकोने ते ओंजळीत उचललं आणि म्हणाली, "वजन करा."

तीन महिन्यांत ती आपणहून काही बोलली, ते हे दोन शब्द. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला आमचा मुलगा एक्केचाळिसाव्या दिवशी गेला होता. तेव्हापासून ती पलंगाच्या कडेला बसून असायची. ताट पुढे ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर नाही. तीही त्याच्या मागोमाग जाईल, अशी भीती माझ्या मनात घर करून बसली होती.

सोनारी काट्यावर पिल्लू अकरा ग्रॅम भरलं.

दर दोन तासांनी ड्रॉपरने पातळ दूध. तिने मुलाचं टोपडं काढलं आणि पिल्लाला त्यात झोपवलं. ती उठत होती, हात धूत होती, दूध जास्त गरम केलं म्हणून एकदा माझ्यावर चक्क खेकसली. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

जनावरांचे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "जीव लावा, पण लळा लावू नका. तिला परत झाडावर जायचंय." खार शहाण्णव ग्रॅमची झाली, तेव्हा त्यांनी रीत सांगितली. झाडावर लाकडी खोकं टांगायचं, दार उघडं ठेवायचं. आत लहानपणापासूनचंच अंथरूण, नाहीतर वासाला बिथरते. आठवडाभर खाणं ठेवायचं. ती यायची थांबली की खोकं उतरवायचं.

मी खोकं स्प्रिंगच्या डायलच्या काट्याला टांगलं, तबकडी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे करून. म्हणजे हात न लावता कळावं, खार आत आहे की नाही. कापूस आणि टोपड्यासकट खोकं सहाशे चाळीस ग्रॅम. खार आत असली की सातशे छत्तीस.

सहाव्या दिवशी काटा सहाशे चाळीसवरच राहिला. बायको रडली. "बरं झालं," म्हणाली, "असंच व्हायला हवं होतं." मीही रडलो, आणि मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा सातशेवर होता.

दव, मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी नऊशे. शिडी लावून पाहिलं. टोपडं, कापूस, दोन्ही कोरडे. काटा उतरवून पितळी वजनं लावली, बिनचूक निघाला. तरी नवा काटा टांगला. नवाही नऊशेच.

खार समोरच्या भिंतीवर दिसायची, गुबगुबीत झालेली. भिंतीवरून आमच्या झाडाकडे बघत चिरचिरायची. त्या फांदीवर मात्र कधी आली नाही. पक्षीसुद्धा तिथे बसायचे बंद झाले.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अजून काढलं नाहीत खोकं? अहो, रिकामं राहिलं की भलतंच काहीतरी येऊन राहतं तिथे. उंदीर, गांधीलमाश्या."

काढणार होतो. पण बायको आता रोज सकाळी केस विंचरून झाडाखाली उभी राहायची. भूक लागली म्हणायची. आज काढू, उद्या काढू असं करत राहिलो.

एका सकाळी काटा दोन किलो सातशे नव्वदवर आला. खोक्याचे सहाशे चाळीस वजा केले. दोन किलो एकशे पन्नास. हा आकडा मला पाठ होता. जन्माच्या दिवशी इतक्याच वजनाचा मुलगा मी हातात घेतला होता.

दुकानाच्या खणात वही होती. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी त्याचं वजन करायचो. ओळीने आकडे लावून पाहिले. रोज एक ओळ जुळायची. त्याला ताप आला होता, त्या चार दिवसांत वजन उतरलं होतं. झाडावरचा काटाही चार दिवस उतरला.

मी तिला सांगितलं नाही. तिने मला विचारलं नाही. फक्त म्हणायची, "आज पंचवीसने वाढलंय."

वहीत एक्केचाळीस ओळी होत्या. शेवटची, तीन किलो वीस. त्या सकाळी खोकं वजा करून काटा तिथेच होता. उद्या तो खाली येणार आणि तिचं बाळ दुसऱ्यांदा जाणार, या भीतीने मी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

पण दुसऱ्या दिवशी काटा आणखी पंचवीसने पुढे होता.

यापुढे माझ्याकडे ओळ नव्हती. मी शिडी आणली.

ती मागच्या दारात आली. "कशाला काढताय? नीट वाढतोय की तो."

"अगं, खार गेली."

"खारीचं कोण बोलतंय?"

"सोडायचं ते सोडावं लागतं गं. तूच म्हणालीस ना, असंच व्हायला हवं."

ती पायरी उतरून अंगणात आली. "बरं. तुम्ही खोकं काढा. बाकीचं मी बघते."

मी खोकं काट्याच्या खालच्या लोखंडी आकड्यावरून उचललं. हलकं होतं. सहाशे चाळीसच, माझ्या हाताला कळतं.

मग तबकडीकडे पाहिलं.

काटा तीन किलो पंचेचाळीसवर होता.

वारा सुटला होता. पानं हलत होती. रिकामा आकडा ताठ, सरळ खाली.

बायको आकड्याखाली आली. दोन्ही हात पुढे केले.

काटा सावकाश उतरू लागला. दोन किलो. एक. शून्य.

आकडा वाऱ्यावर डुलायला लागला.

तिची कोपरं जराशी खाली गेली. मग तिने डावा तळवा अलगद वर सरकवला, तान्ह्याची मान सावरतात तसा.