कपारीतून आलेली मरळ

विश्वास ठेवा किंवा सोडा. यातला शेवट मी माझ्या या हातांनी अनुभवलाय. बाकीचं आजोबांकडून ऐकलं, आणि आजोबा चेष्टेतही खोटं बोलत नसत.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. १९४६ सालचा पौष. अंबड तालुक्यात गोदावरीकाठी आमचं भोयांचं घर.

थंडी पडली की मरळ उथळ पाणी सोडून डोहाच्या तळाशी, खडकाच्या कपारीत जाऊन बसते. सुस्तावते. जाळ्यात येत नाही, हातानेच काढावी लागते. माझे आजोबा रखमाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ कचरू हे काम जोडीने करत. कचरू कपारीत शिरायचा. मासा सापडला की मागे थांबलेल्या आजोबांच्या मनगटावर दोनदा दाबायचा... म्हणजे 'धर, सोडतो'.

आदल्या पौषात कचरू आत शिरला, तो बाहेर आलाच नाही.

प्रेतही सापडलं नाही.

त्याची बायको सोनूबाई, माझी चुलत आजी, तेव्हा विशीतली. गाव म्हणायचं, कुंकू पूस. ती म्हणायची, "दाखवा मंग. कुठं हायेत ते?"

तिच्यासाठीच आजोबा पुन्हा त्या डोहात उतरले. निदान हाड तरी सापडावं, पोरीच्या जिवाची घालमेल थांबावी, एवढंच मनात. भरदुपार होती. त्यांच्या कमरेचा दोर धरून सोनूबाई काठावर बसली.

खाली काळोख. पाणी बर्फासारखं. आजोबांनी कपारीत हात घातला... काही नाही. अजून आत... काही नाही.

मग मनगटावर कोणीतरी दाबलं.

एकदा...

दोनदा.

सवयीने मूठ मिटली. आजोबा मरळ घेऊन वर आले, ती खडकावर टाकली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं... आज आत कोणी शिरलंच नव्हतं.

सोनूबाईने त्यांचं तोंड बघूनच ओळखलं.

"भाऊजी, खरं सांगा. हात गार व्हता का गरम?"

"गरम व्हता, पोरी."

मरळ उचलून तिने परत पाण्यात सोडली.

आजोबा पुन्हा कधी त्या डोहात उतरले नाहीत. सोनूआजीने कुंकू पुसलं नाही. लोकांनी नावं ठेवली, वेडी म्हटलं. दर पौषात ती त्या खडकावर पाण्यात हात सोडून बसायची. मला तिची फार कीव यायची. अख्खा जन्म बाईने एका शब्दावर काढला.

म्हातारी होऊन ती पौषातच गेली. गेली पहाटे, पाहुणे जमेपर्यंत दुपार झाली. आंघोळ मी घातली. सगळं अंग लाकडासारखं, गार.

फक्त उजवा हात...

गरम होता.

बायका कुजबुजत होत्या, हिला सवाष्णीसारखं सजवायचं की विधवेसारखं? मी कुणाला विचारलं नाही. हिरवं लुगडं नेसवलं. मळवट भरला.

तेव्हा बरं वाटलं. आता झोप लागत नाही.

कारण ती सवाष्ण गेली असेल, तर कचरूआजोबा...

यंदाही थंडी कडक पडलीय. मासे कपारीत गेले असतील. मी नदीकडे जात नाही.