करदोट्याचं माप

तांबरम स्टेशनच्या मागं, एका जिन्याखाली सुब्बाराव शिंप्याचं दुकान. मूळचा तंजावरकडचा. घरी मराठी बोलायला आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून मशीनशीच बोलायचा. सत्तरी उलटली, गुडघे गेले, तोंड तेवढं शाबूत. माणूस खोटं बोलतो, टेप बोलत नाही, एवढंच तो मानी.

वैशाखातल्या भर दुपारी यालिनी आली. सतरा वर्षांची पोर, मागच्या गल्लीत मावशीजवळ राहणारी. श्रीलंकेतली तमिळ. तिकडं लढाईत लष्कर आख्खी जमातच संपवायला निघालं होतं. समुद्रकाठच्या वाळूत माणसं कोंडली आणि वरून तोफा डागल्या. आईबाप गेले, पाच वर्षांचा धाकटा भाऊ, तिचा तंबी, गेला. उरली ही. तेव्हा नऊ वर्षांची.

दर वर्षी त्याच दिवसांत गेलेल्यांपुढं दिवा लावून नवे कपडे ठेवायचे, ही त्यांची रीत. तंबीसाठी ती हाफ पँट शिवून नेई. मापाला त्याचा करदोटा आणायची, कमरेचा काळा दोरा. तिच्या मुठीत तेवढाच राहिला होता.

सुब्बारावानं दोरा टेपवर धरला. उन्हातसुद्धा तो ओला होता, खारट वासाचा. पहिल्या वर्षी वीस इंच भरला होता. मग एकवीस. मग बावीस. म्हातारा मनात म्हणायचा, भाऊ जिवंत असणार, पोर लपवतेय, आपल्याला काय. आज सव्वीस भरला.

त्यानं दोरा टेबलावर आपटला. म्हणाला, त्याला समोर आणून उभा कर, नाहीतर दुसरा शिंपी बघ. मेलेल्याची कंबर वाढत नसते, मला खुळा समजतेस काय?

यालिनीनं दोरा उचलला, स्वतःच्या कमरेभोवती घेतला. गाठीला गाठ भिडली.

"माझ्याएवढा झालाय, तात्ता..."

मग ती त्या आजोबाला, तिच्या तात्ताला, खालच्या आवाजात सांगत गेली. वाळूतून पळताना तंबी तिच्या पाठीवर होता. हात भरून आले. तिनं त्याला खाली ठेवलं, करदोट्याला धरून ओढत राहिली. रडू नये म्हणून म्हणाली, आता तू चाल, माझ्याएवढा झालास की तू मला उचल. तो हो म्हणाला. मग धूर झाला, आणि मुठीत नुसता दोरा. दिव्यापुढची पँट दर वर्षी सकाळी नाहीशी होते, जागेवर ओली वाळू असते. मागच्या वर्षी तो पाठीशी येऊन उभा राहिला. श्वास तिच्या कानापाशी लागत होता.

"यंदा तो मला उचलेल... लहान शिवा, तात्ता. पहिल्या वर्षीएवढी. त्याला वाटू दे, मी अजून लहानच आहे."

पन्नास वर्षांत मापाला दगा दिला नाही, असं सुब्बाराव गुरगुरला. पण पोर उभी होती ती वाकून, पाठीवर अजून कुणी असल्यासारखी. त्यानं खडूनं वीसवर रेघ मारली.

संध्याकाळी ती पँट आणि दोरा घेऊन गेली. दोन दिवसांनी सकाळीच परत आली. रिकाम्या हातानं.

"आला?"

"आला. पँट चढेना. दिव्यापुढं बसून उसवत राहिला... टाका टाका. मग विचारलं, कुणी शिवली."

सुब्बारावाचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला.

"मी तुमचं नाव सांगितलं, तात्ता. मला एवढंच येतं. दुसऱ्याला मागं ठेवून सुटायचं."

म्हातारा बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. ओवेना. मग म्हणाला, बरं केलंस, दुसऱ्या कुणाचं सांगणार होतीस? तिला माठातलं पाणी दिलं. कॉलेजचं बघ म्हणाला, आणि पुढच्या वर्षी इकडं फिरकू नकोस. ती गेली. ताठ चालत गेली.

तो उठला. पायाखाली ओली वाळू करकरली. तयार कपड्यांच्या खुंटीवर ती हाफ पँट लोंबत होती, प्रत्येक टाका उसवलेला, खालून पाणी ठिबकत होतं. शेजारी काळा दोरा.

त्यानं टेपवर धरला. तीस.

स्वतःचं माप त्याला पाठ होतं. तरी दोरा कमरेभोवती घेतला. गाठीला गाठ भिडली.

कानापाशी श्वास लागला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा गुडघ्यांवर भार नव्हता. खाली बघायचं मात्र त्यानं टाळलं.