न थरथरलेला पट्टा

"पट्ट्यानं दगा दिला, बाई. आता मालक मला शिडीवर चढू देत नाहीत."

उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन थोरली वहिनींसमोर बसली होती. कापड दुकानाच्या काचेतले पुतळे सजवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला चक्कर यायची, पण आधी नाडीचे ठोके घसरले की मनगटावरचा पट्टा थरथरायचा आणि ती उतरून बसायची. सोमवारी तो थरथरलाच नाही.

तिच्या फोनमध्ये पट्ट्याची त्या दिवशीची नोंद होती. ठोके संथ होते आणि अकरा वाजून अकरा मिनिटांनी एकदम एकशेतीस झाले होते.

"पट्टा बिघडला, मिटलं!" भाऊजी म्हणाले. वहिनी खासगी गुप्तहेर, पण निकाल लावायची घाई नेहमी या दिरालाच.

वहिनींनी थोरलीचा डावा हात न्याहाळला. पट्टा शेवटच्या, सर्वांत घट्ट भोकात अडकवला होता. ताणून मोठं झालं होतं ते मात्र दुसरं भोक.

"हा काढतेस कधी?"

"कामाआधी हात धुताना. आम्ही दोघी बहिणी फळीवर ठेवतो. धाकटीनंही हट्टानं अस्साच घेतलाय. माझं जे जे, ते तिला हवंच."

दुकानात मालकांनी कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. थोरली अकरा वाजून बारा मिनिटांनी पडली होती.

"तिला पाडून मला काय मिळणार? तिच्या कामापुढे रस्ता थांबतो," ते करवादले.

गुबगुबीत मनगटाची धाकटी पुतळ्याला टाचण्या लावत होती. "मी शिडी धरून होते. वर बघितलंच नाही. नऊ वर्षं धरतेय, कुणी विचारलंय?"

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"चक्कर येताना थोरलीचे ठोके घसरतात. नोंदीत ते उसळलेत. म्हणजे नोंद तिची नाहीच. तिच्या हातात जाड मनगटाचा, दुसऱ्या भोकाचा पट्टा होता. इशारा फक्त तिच्या पट्ट्यात लावलेला; तो होता धाकटीच्या हातात, म्हणून फोनमध्ये धाकटीचे ठोके आले."

"फळीवर चुकून बदलले असतील," भाऊजी म्हणाले.

"असतील. पण ठोके उसळले अकरा अकराला आणि ताई पडली अकरा बाराला. हिनं वर बघितलं होतं, भाऊजी. पूर्ण एक मिनिट बघितलं."

धाकटीच्या हातातल्या टाचण्या सांडल्या.

"तिची मान कललेली दिसली. पट्टे मीच बदलले होते. वाटलं, एकदा पडू दे. मग शिडी माझी. लोक तिच्यासाठी थांबतात आणि मी काचेत दिसतसुद्धा नाही!"

मालक घसा खाकरून थोरलीला म्हणाले, "पट्टा चांगला आहे तर. हात बरा झाला की ये. शिडी तुझीच."

थोरली बहिणीकडे बघत राहिली.

"येईन," ती म्हणाली. "पण खाली धरणार कोण?"