राहिलेला अंतरा

तेरखेड्यात दुपार कलली की माळावरून बार ऐकू येत. गावात घरोघरी फटाके वळायचे आणि नवा माल कसा वाजतो हे बघायला कुणी ना कुणी माळावर जायचं. गावाला त्याची सवय होती. तरी मोठा बार झाला की शेळ्या दचकत, झोळीतलं पोर रडायला लागे, आणि गिरिजाबाई तंबोऱ्याच्या तारांवर आडवा हात ठेवून थांबत. धक्क्यानं तारा आपसूक बोलतात, सूर गढूळ होतो, असं त्यांचं म्हणणं. आवाज पुरता विरला की गाणं पुन्हा पहिल्यापासून.

गिरिजाबाई मूळच्या जळकोटच्या. माहेरी कानडी बोलायचे. लहानपणीच लग्न झालं, थोड्याच दिवसांत नवरा गेला. मग त्या शिकल्या, शाळेत मास्तरीण झाल्या आणि बदलीवर तेरखेड्याला आल्या, त्या इथंच राहिल्या. सकाळी शाळा, उन्हं उतरल्यावर घरी गाण्याची शिकवणी. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पेटी, तंबोरा आणि चटया, एवढंच सामान. बाई देवाला दिवा लावत, पण नवस, करणी, अंगात येणं असलं काही त्यांना खपत नसे. घुमणाऱ्या बाईला त्या सरळ सांगत, "आधी पोटभर जेव आणि नीज."

चांगुणा त्यांच्याकडं आली ती बापाचं बोट धरून. ज्ञानोबा पोस्टमन होता. बाईंचं टपाल द्यायला तो दारात थांबला होता आणि आत पोरी एका जागेवर पुन्हा पुन्हा अडखळत होत्या. दाराबाहेरून त्याच्या पोरीनं ती जागा सहज म्हणून टाकली. बाई पेटीवरून उठून बाहेर आल्या.

"हिला उद्यापासून पाठवता का?"

ज्ञानोबा गडबडला. "आमी बौद्ध हाव, बाई. तुमच्याकडं सगळ्यांच्या पोरी येत्यात."

"येतात. हिलाही पाठवा."

दोन पोरी यायच्या बंद झाल्या. बाईंनी त्यांच्या चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या आणि चांगुणाला तंबोऱ्याजवळ बसवलं.

तेव्हापासून चांगुणा येत राहिली. फ्रॉकमध्ये आली, परकरात आली, पुढं गावातल्याच व्यंकटशी लग्न झालं तेव्हा साडी नेसून आली. व्यंकट सोसायटीच्या डेअरीत दूध मोजायला होता, शांत माणूस. बायको गाते याचं त्याला कौतुक होतं. दिवसभर ती फटाक्यांच्या कागदी नळ्या वळायची. संध्याकाळी हात धुऊन आली तरी बोटांना फटाक्याच्या दारूचा वास असायचा. बाईंच्या तंबोऱ्यालाही तो वास लागला होता. बाकीच्या पोरी लग्न झालं की गाणं सोडून जात. ही एकटीच राहिली. दोघींचं बोलणं बेताचंच, पण गाताना एकीनं श्वास घेतला की दुसरीला पुढचा सूर कळायचा.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरींचे तळ दिसले. टँकर येई, त्यावर भांडणं होत. लोक खडी फोडायच्या कामावर गेले. चांगुणाही गेली, आणि तिथलं कसलं तरी पाणी पिऊन तापानं अंथरुणाला खिळली. विषमज्वर होता. ती वाचली, पण ताप उतरला तेव्हा तिचे कान गेले होते. बार्शीच्या डॉक्टरांनी कानांपाशी घंटा वाजवली, चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवला, मागून टाळ्या वाजवून बघितल्या. नस गेली म्हणाले, दोन्ही बाजूंची. परत येणार नाही.

बाई तिला बघायला गेल्या. चांगुणा भिंतीला टेकून नळ्या वळत होती. तेवढ्यात माळावर मोठा बार झाला. खुंट्यावरची शेळी उडाली. चांगुणाच्या हातातली नळी हललीसुद्धा नाही. बाई उठून घरी आल्या.

उन्हाळा गेला, एक पावसाळाही गेला. मग एका संध्याकाळी दारात चपला वाजल्या. चांगुणा आत आली, आपल्या जागी बसली, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळवा ठेवला आणि बाईंकडं बघून मान हलवली. छेडा, असं. बाईंनी तारा छेडल्या. चांगुणानं षड्ज लावला.

तो तारांवर जसाच्या तसा बसला. जराही इकडं नाही, तिकडं नाही.

बाईंनी मनाशी त्याचा अर्थ लावला. हाताला कंप कळतो. इतक्या वर्षांची सवय, गळ्याला जागा पाठ असतात. शेजारच्यांनाही त्यांनी हेच समजावलं. पण पुढं एक दिवस त्यांनी तंबोरा नेहमीपेक्षा चांगला दोन पट्ट्या खाली मिळवला, चांगुणाला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि हात मांडीवर ठेवायला सांगितलं. मग तंबोरा छेडून तिच्या खांद्याला बोट लावलं, गा म्हणून.

चांगुणानं षड्ज लावला. नवा, खालचा.

बाईंनी तिला आपल्याकडं वळवलं. चांगुणा आता ओठ वाचायला शिकली होती. बाई सावकाश बोलल्या, "तुला ऐकायला येतं?"

"इथं येतंय की, बाई. भाईर न्हाय येत." कान गेल्यापासून तिचा बोलतानाचा आवाज सपाट झाला होता. गाताना तो तसा नसायचा.

"काय ऐकू येतं?"

"तुमचं गाणं. तुमी सांगताव तसं म्या म्हणते." यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

आपल्याला ते उमगत नाही एवढं बाईंना उमगलं. त्या दिवसापासून मात्र चांगुणा यायच्या आधी त्या स्वतः खोली झाडून, सारवून घेऊ लागल्या आणि शिकवणी संपेपर्यंत पाय पसरून बसेनाशा झाल्या.

वर्षं गेली, बाईंचे केस पांढरे झाले. व्यंकटच्या डेअरीचं काही धड राहिलं नाही. तिकडं माकणीला तेरणेवर धरणाचं काम चाललं होतं, तिथं त्याला राखणदाराची नोकरी मिळाली. बिऱ्हाड हलवायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी चांगुणा शेवटचं गायला आली.

वैशाखाचे दिवस होते. वारा पडला होता. आत बसवेना म्हणून बाईंनी तंबोरा तिच्या हाती दिला आणि आपण उंबऱ्यावर बसल्या. समोरच्या लिंबावर कावळे येऊन बसत होते. उन्हाचा तांबूस पट्टा चटईवरून सरकत भिंतीला लागला होता.

"काय गाणार?" बाईंनी विचारलं.

चांगुणानं खुंटी धरली. पंचमाची तार तिनं चढवत चढवत निषादावर नेली. बाईंना नवल वाटलं. ही जुळणी त्यांनी तिला कधी दाखवली नव्हती. पंचम नाही, षड्जाला टाळत टाळत जायचं, दिवस मावळतानाचा राग. मारवा. बाई मारवा कुणालाच शिकवत नसत.

चांगुणा गाऊ लागली आणि बाईंचा हात उंबऱ्यावर घट्ट झाला.

ती बंदिश ईरण्णा अज्जांची होती.

ईरण्णा अज्जांनी जळकोटला बाईंना लहानपणी गाणं शिकवलं. लग्न ठरल्यावर शेवटच्या दिवशी त्यांनी ही बंदिश द्यायला घेतली. स्थायी दिली आणि थांबले. अंतरा राहू दे, म्हणाले, घ्यायला ये. नवरा गेल्यावर गिरिजाबाई माहेरी परतल्या तेव्हा अज्जांना मातीआड करून महिने झाले होते. त्यांचा दुसरा शिष्य नव्हता. ती बंदिश बाईंनी कधी कुणापुढं गायली नाही. घरात एकट्या असतानाही तोंडातून काढली नाही. मनातल्या मनात तेवढी म्हणत. स्थायी संपली की पुढं अंधारातल्या पायरीसारखं पाऊल रिकामं पडे, आणि त्या तिथून मागं फिरत. इतकी वर्षं.

चांगुणानं स्थायी पुरी केली. सम घेतली.

आणि थांबली नाही.

तिनं तीव्र मध्यमावरून धैवत घेतला, तिथं क्षणभर झुलली आणि अंतरा उचलला. बाईंनी आयुष्यभर तो कसा असेल याच्या नाना तऱ्हा लावून बघितल्या होत्या. त्यातली एकही अशी नव्हती. आणि तरी तो दुसरा कसा असूच शकला नसता, हे त्यांना पहिल्याच ओळीला कळलं. सूर वर वर जात राहिला, षड्जाच्या अगदी दारात गेला, आत शिरला नाही, तिथूनच नमस्कार करावा तसा वाकून खाली आला. खोलीतली हवा भरून आली होती. लिंबावरचे कावळे गप्प होते. बाईंना आपण श्वास घेतो आहोत की नाही याचं भान नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना उभं राहावं तशा त्या बसल्या होत्या.

गाणं संपलं. चांगुणानं डोळे उघडले.

"हे तुला कुणी दिलं?" बाईंचे ओठ थरथरत होते. तिला वाचता येईना. त्यांनी पुन्हा विचारलं.

"तुमीच की."

"मी नाही दिलं, चांगुणा. मला येत नाही हे."

चांगुणानं हळूच विचारलं, "मग इथं गातंय ते तुमी न्हाय?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"म्या म्हणत हुते," चांगुणा म्हणाली, "तापात माजं कान बिघडलं, म्हणून बाईंचा आवाज असा बाप्या माणसागत येतोय. म्हाताऱ्या माणसाचा. लई दिवसांपासनं त्योच येतोय. तुमचं ओठ हलायचं, म्हणून म्या तुमचाच धरला."

बाहेर उजेड कमी झाला. कुणीतरी शेरडं हाकत गेलं. बाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

"आत्ता येतोय?"

चांगुणानं तळवा भोपळ्यावर ठेवला. मान जराशी कलती केली.

"येतोय. पर आता म्हाताऱ्यासंगं एक पोरगी गातीय. ल्हान हाय. त्यांच्या मागनं म्हणती."

"काय म्हणते?"

"हेच. पयलं हेच." ती ऐकत राहिली. "थांबली. गाता गाता मधीच थांबली. काय तरी इचारती त्यांना. आपल्या बोलीत न्हाय, बाई."

"जसं येतं तसं सांग."

चांगुणाला कानडी येत नव्हतं. लहान मूल पाढे म्हणतं तसे तिनं एकेक शब्द जुळवून म्हटले, "अज्जा, होस्तिल म्याल यार कुंतार?"

चांगुणा बाईंकडं बघत अर्थाची वाट पाहत होती. अर्थ साधा होता. अज्जा, उंबऱ्यावर कोण बसलंय?

"ते काय म्हणाले?"

"हाडु, पुट्टी." चांगुणानं ते दोनदा म्हटलं. "हाडु, पुट्टी. आन् पोरगी परत गायला लागली."

गा, पोरी. बाईंना पुट्टी म्हणणारं माणूस जगात आता कुणी उरलं नव्हतं.

आणि बाईंना तो शेवटचा पाठ आठवला. संध्याकाळ होती. अज्जांची पाठ दाराकडं होती. स्थायी म्हणता म्हणता त्यांचं स्वतःचं लक्ष दाराकडं गेलं होतं आणि उंबऱ्यावर एक अनोळखी बाई दिसली होती, पांढऱ्या केसांची. त्यांनीच अज्जांना विचारलं होतं. अज्जांनी मान वळवून बघितलं नव्हतं. पोरीनं गाणं पुन्हा धरलं आणि चोरून एकदा तिकडं पाहिलं, तेव्हा ती बाई पदर तोंडात धरून आवाज न करता रडत होती.

गिरिजाबाईंनी सावकाश तोंडाशी हात नेला. बोटांना पदर लागला. तो ओला होता.