डाव्या विंगेतून

चाकणच्या एसटी थांब्यावर त्या सकाळी कांद्याच्या पोत्यांपेक्षा नाटकवाल्यांचीच गर्दी जास्त होती. वाडीच्या भैरोबापुढं यंदा पक्कं दगडी स्टेज बांधायचं ठरलं होतं. ते कसं असतं हे बघायला मंडळी आधी पुण्याची आणि मग मुंबईची नाटकघरं पाहून येणार होती. वाट दाखवायला लक्ष्मणराव होते. उमेदीच्या काळात ते पुण्यात एका नाटक कंपनीत पडदे ओढायचे. आता पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, तिथं मुकादम होते.

गेनबाची बायको तानाबाई थांब्यापर्यंत आली होती. तिची लेकरं जगत नव्हती. एवढा एक दादू जगला, वाढला आणि वाडीच्या नाटकात राजपुत्र झाला. तिनं नवऱ्याला बाजूला घेतलं.

"पोरगं जातंय तसं माघारी आना. शहराचं वारं लागून तिकडंच ऱ्हायलं, तर तुमी बी घरी येऊ नका."

"आगं, नाटकघर बघाया चाललोय, लढाईला न्हाई," गेनबा म्हणाला. पण ते बोलणं त्याच्या मनाला लागून राहिलं.

वाडीच्या नाटकात गेनबा विंगेतून ओळी सांगायचा. मंडळीत वाचता येणारा तो एकटाच, तोही चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात शिकलेला. नाटक शाळेच्या मास्तरांनी रचलेलं, कुठं छापलेलं नव्हतं. गेनबानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पाठोपाठ म्हणायची, असंच सगळे शिकले होते. स्टेजवर अडलं की विंगेतून येईल ते बोलायचं, विचार करत बसायचं नाही, हा नियम. एकदा गेनबाला ठसका लागला, तर राजानं भर दरबारात तसाच खोकून दाखवला होता. गाव पोट धरून हसलं, पण नियम काही बदलला नाही.

पुण्याचं नाटकघर बुधवार पेठेतल्या एका बोळात होतं. वर पत्रा, खाली मोडक्या हातांच्या खुर्च्या. सकाळची वेळ, आत माणूस नाही. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या आणि त्यांत धूळ फिरत होती. रंगाचा, तेलाचा आणि ओल्या भिंतीचा वास येत होता. लक्ष्मणरावांनी पडदा वर कसा जातो ते दाखवलं, रंगपट दाखवला, मग म्हणाले, "कुणीतरी वर जाऊन चार वाक्यं बोला. आवाज कसा पोचतो ते कळेल."

दादू वर गेला. राजपुत्राचं पहिलं भाषण त्यानं झोकात सुरू केलं आणि नेहमीच्या जागी अडला. आईचा निरोप घेताना राजपुत्र जे बोलतो, ते त्याला कधीच आठवायचं नाही.

गेनबा खाली खुर्चीत बसला होता. सवयीनं त्यानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी डाव्या विंगेतून ओळ आली. हळू, स्वच्छ, जिथल्या तिथं.

दादूनं ती उचलली आणि पुढं गेला.

"गेनबा, हितं बी सोडत न्हाईस व्हय रं?" मागं बसलेली सोजराबाई म्हणाली. मंडळीची भाकरी थापणारी ही विधवा बाई तोंडानं तिखट होती. "जरा देवाचं नाव घे की त्या तोंडानं."

"मी न्हाई बोललो," गेनबा म्हणाला.

"मग काय भैरोबा आला?"

सगळे हसले. गेनबा उठून डाव्या विंगेत गेला. विंगेचं कापड भिंतीला टेकलेलं होतं. मधे माणूस सोडा, हातही नीट जात नव्हता. भिंतीला हात लावला तर ती गार होती. तेवढ्या एका जागी मात्र कुणी पाठ टेकून नुकतंच उठल्यासारखी कोमट होती.

"जुनं नाटकघर आहे, गेनबा," लक्ष्मणराव म्हणाले. "आवाज फिरतात इथले. मनावर घेऊ नका."

"फिरल न्हवं. पर आमचं नाटक त्याला कुटनं ठावं?"

लक्ष्मणरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "चला, गाडी चुकेल," एवढंच ते म्हणाले.

मुंबईच्या गाडीत दादू खिडकीशी बसला होता. लोणावळ्याला चहावाला आला. "चहा घेनार का रं?" गेनबानं विचारलं. दादूनं लगेच उत्तर दिलं नाही. मान थोडी डावीकडं कलती केली, थांबला, आणि मग म्हणाला, "घेतो."

थोड्या वेळानं सोजराबाईनं विचारलं, "दादू, लगीन कवा करायचं रं?" पुन्हा तसंच. मान कलती, थांबणं, मग उत्तर. "आईला विचारून सांगतो." असल्या प्रश्नाला दादू एरवी लाजून लाल व्हायचा.

गेनबा त्याच्या कानाशी वाकला. "असा का थांबतोस?"

"सांगून हुतंय तवर थांबाया नगं का, आबा?"

"कोन सांगतंय?"

दादूनं नवलानं बापाकडं पाहिलं. "तुमीच की."

घाटातल्या बोगद्यात डब्यात अंधार झाला. गेनबानं पोराचं मनगट धरलं आणि उजेड आला तरी सोडलं नाही. कल्याणला उतरून माघारी फिरावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण मंडळींना कारण काय सांगणार?

गिरगावातलं नाटकघर मोठं होतं. वर सज्जे, लाल मखमलीचा पडदा, भर दुपारीही आत संध्याकाळसारखा उजेड. बाहेर ट्रामची घंटा वाजत होती, ती आत आल्यावर तुटल्यासारखी बंद झाली. लक्ष्मणराव उत्साहात होते. स्टेजची उंची, पायऱ्या, विंगांची रुंदी, सगळं ते पावलांनी मोजून दाखवत होते.

"दादूला वर धाडू नका," गेनबा त्यांना म्हणाला.

"का हो?"

गेनबानं वळून पाहिलं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. दादू स्टेजवर मधोमध उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

तो भाषण सुरू करत नव्हता. मान डावीकडं कलती करून उभा होता.

विंगेतून आवाज आला. या खेपेला नाटकातली ओळ नव्हती.

"मी आत येतो."

"मी आत येतो," दादू म्हणाला.

"दादू!" गेनबा ओरडला. "बोलू नगंस!"

"आई, वाट बघू नकोस."

"आई, वाट बघू नकोस."

आता गेनबाला कळलं. तो आवाज त्याचा स्वतःचाच होता. तीच खरखर, तोच शेवटचं अक्षर ओढायचा ढंग.

दादू डाव्या विंगेत शिरला.

गेनबा खुर्च्या पाडत धावला. पायऱ्या चढला. विंगेत दोर होते, वाळूच्या पिशव्या होत्या, पलीकडं भिंत होती.

दादू नव्हता.

"दादू!"

"काय, आबा?"

गेनबा वळला. दादू उजव्या विंगेतून येत होता. हात झटकत, हसत.

"चला की. भूक लागलीया."

खाली सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सोजराबाईनं दोन शिव्या हासडल्या आणि डोळे पुसले. माघारी चिंचवड स्टेशनात गाडी थांबेपर्यंत गेनबानं पोराचा हात सोडला नाही.

तानाबाईनं दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पोराच्या डोळ्यांना पाणी लावलं. दादू तिच्या पाया पडला. आता तो बोलताना थांबत नव्हता, मान कलती करत नव्हता. विचारलं की लगेच उत्तर. "गेला तसा आला," तानाबाई म्हणाली आणि नवऱ्याला त्या दिवशी तिनं तूप जास्त वाढलं. गेनबाही आठवड्याभरात पोटभर जेवायला लागला.

जत्रेच्या आधी स्टेज तयार झालं. चुन्याचा वास अजून जायचा होता. दुपारच्या तालमीला अर्धी वाडी जमली. गेनबा उजव्या विंगेत उभा राहिला. दादूनं राजपुत्राचं भाषण सुरू केलं आणि कधी नव्हे ते निरोपाच्या जागी अडलाच नाही. शब्द नुसते वाहत होते. गेनबाला सांगायला काही उरलं नव्हतं. तो समोर बघत राहिला.

समोर डाव्या विंगेला गोणपाट लावलं होतं. वारा नव्हता, तरी ते मधोमध थोडं फुगलं होतं.

त्या गोणपाटामागून कुणीतरी हळूच बोललं.

"आबा, पुढं काय?"

गेनबा गारठला.

"आबा, अडलोय. सांगा की."

निरोपाची ओळ गेनबाला तोंडपाठ होती. ती त्याच्या ओठांवर आली.

स्टेजवरच्या दादूनं मान वळवून बापाकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. भाषण एका शब्दानंही तुटलं नाही.

खाली तानाबाई सोजराबाईला कोपरानं ढोसत म्हणत होती, "बघितलंस? एकदा बी अडला न्हाई माझा दादू."