ताटातलं पिवळं पाणी

"त्याला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊ द्या, आत्याबाई. मग तुम्ही म्हणताल तर मी या घरातून कायमची निघून जाते... पण गावाकडं नेऊ नका."

दारात आडवी उभी राहून रत्नमाला हे बोलली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. लग्न होऊन आल्यापासून सासूपुढे तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. पण आज आत खाटेवर तिचा धाकटा दीर रामहरी बसला होता, आणि त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. सासू बानाबाई मेंढरांमागे महिनोन् महिने रानोमाळ हिंडत, तेव्हा या पोराला न्हाऊमाखू घालून, घास भरवून वाढवलं होतं ते रत्नमालानेच. आता तो शहरात गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात कामाला होता नि सगळं घरच त्याच्यामागे इथे राहायला आलं होतं.

बानाबाईंनी पिशवी भरून तयार ठेवली होती. देवगाव रंगारीकडच्या त्यांच्या वस्तीवर एक म्हातारबा कावीळ उतरवायचे. काशाच्या ताटात आजाऱ्याचे हात चोळून धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली असं समजायचं! रत्नमालाचा नवरा अजिनाथ आजारी पडला तेव्हा त्यालाही तिथेच नेलं होतं. दर खेपेला पाणी पिवळंधमक होई, सगळ्यांचा जीव भांड्यात पडे... आणि तो मात्र वाळत वाळत गेला. ताटाला कुणी बोल लावला नाही. बोल लागला तो हिच्या हाताला. "हिच्या हातचं खाऊन माझा लेक पिवळा पडला," असं बानाबाई एकदा म्हणाल्या, नि मग म्हणतच राहिल्या. रत्नमालाने ते सारं मुकाट गिळलं. माहेरची माणसं न्यायला आली तेव्हा लहानगा रामहरी तिचा पदर सोडीना, म्हणून ती गेली नाही.

"ताटातलं पाणी पिवळं व्हतं, आत्याबाई, पण डोळे उतरत नाईत," ती म्हणाली. "मी पाहिलंय समदं. ह्याचं बी दुखत काई नाय, नुसतं अंग खाजतंय, आन् तसाच वाळत चाललाय."

"तुझ्याच हातचं खातोय ना तो बी?" बानाबाईंनी पिशवी उचलली.

शब्द काळजात रुतला... तरी तिने रामहरीला हाताला धरून रिक्षात बसवलं. लेकाला एकट्या तिच्यावर सोडायला मन धजेना, म्हणून बानाबाईही रडत शेजारी बसल्या.

तपासण्या झाल्या. डॉक्टर आमरीन यांनी दोघींना समोर बसवलं. "आजी, कावीळ हे इथे नुसतं लक्षण आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, तिथे गाठ झालीय. तिने पित्ताची वाट अडवली म्हणून डोळे पिवळे झाले. साखरही त्यामुळेच अचानक वाढली असावी. कॅन्सर आहे... पण गाठ लहान आहे, पसरलेली नाही. ऑपरेशन करता येईल. बहुतेक लोक फार उशिरा येतात, तुम्ही वेळेत आणलंत."

"हे कुणाच्या हातच्या जेवणानं व्हतं का, डॉक्टरीणबाई?" बानाबाईंनी विचारलं.

"छे हो. रामहरी विड्या ओढतात, त्याने धोका वाढतो. लठ्ठपणाने, जुन्या मधुमेहाने, दारूने सारखं सुजणाऱ्या स्वादुपिंडानेही वाढतो. आणि काही घरांत तो रक्तातून येतो. त्यांचे भाऊ असेच गेले म्हणता. आणखी कुणी होतं का घरात?"

रत्नमालाला ठाऊक होतं. नवी नवरी असताना तिने पाहिलं होतं. आज तिच्या एका शब्दात साऱ्या जन्माचा डाग धुऊन निघाला असता, पण तो शब्द सासूच्या काळजावर पडला असता... तिने खाली मान घातली.

"माझा भाऊ," बानाबाईच म्हणाल्या. "माझा सख्खा भाऊ बी असाच पिवळा व्हऊन गेला. म्हंजी हे माझ्याच रक्तातून आलं... आन् मी हिला..."

रत्नमालाने त्यांचे सुरकुतलेले हात हातात घेतले. "रक्त का कुणी निवडून आणतं, आत्याबाई? दोष कुणाचाच नाय. असलं वझं वागवीत जगणं कसं असतं, ते मला ठावं हाय. तुम्ही नका उचलू ते."

बानाबाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडल्या. रत्नमालाचं मन मात्र कृतज्ञतेने काठोकाठ भरून आलं होतं... समजावून सांगणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंविषयी, आणि दूर गेलेल्या अजिनाथविषयीही. त्याचं दुखणं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून आज त्याचा भाऊ वेळेत इथवर पोचला होता.

ऑपरेशन पार पडलं. औषधोपचार अजून पुष्कळ बाकी होते, विडी कायमची सुटायची होती, घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रामहरी शुद्धीवर आला होता, आणि तेवढ्यानेच दोघी परमेश्वराला हात जोडत होत्या.

नर्स दार किलकिलं करून म्हणाली, "आत एकालाच सोडता येईल. पेशंटच्या आई कोण?"

सवयीने रत्नमाला मागे सरली. तिच्या पाठीवर एक हात पडला आणि त्याने तिला पुढे लोटलं.

"ही," बानाबाई म्हणाल्या. "म्या नुसता जन्म दिला... जा माय, आत जा. लेकरू वाट बघत असंल."