पंपाच्या जाळीतलं

धाडच्या रस्त्याला आमच्या शेतात पोहण्याचा टँक आहे. उन्हाळ्यात बुलढाण्याहून पोरं येतात. शाळा सुरू झाल्या की आम्ही फाटक लावून घेतो. पाणी हिरवं पडू नये म्हणून पंप मात्र रोज चालवावा लागतो. पंपात कचरा जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशी जाळीची टोपली असते. ती धुण्याचं काम आमच्या यांचं, भागवतरावांचं होतं. मागे एकदा ओल्या हातानं बटण दाबताना त्यांना करंट लागला. पडले, आपले आपण उठले, चहा प्यायले. दवाखान्यात काही निघालं नाही. तेव्हापासून टोपली मी धुते. त्यांचं बोलणं कमी झालं, एवढंच.

एका सकाळी पंप बंद करून झाकण काढलं, तर टोपली झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली. आमच्याकडे झेंडू नाही. वाऱ्यानं आल्या असतील म्हणून बांधावर झटकल्या, रबराची रिंग पुसली, झाकण आवळलं.

नंतर हिरव्या काचेचे तुकडे आले. बांगड्यांचे. त्यांत काळे मणी. मी ते सासूबाईंना दाखवले. त्यांनी आधी माझी मनगटं पाहिली. माझ्या बांगड्या शाबूत होत्या.

"कोनाच्या असतीन वं ह्या?"

"मले काय मालूम, आई."

"त्याले सांगू नको."

मी सांगितलं नाही. भीती वाटायला हवी होती. नुसते हात गार पडले होते. ते पाण्यानंही असेल.

मग केस आले. दहाव्याला डोकं भादरल्यावर पडतात तसे, आखूड. सासूबाईंनी ते पाहिले आणि त्या देवघरात जाऊन बसल्या. मी टोपली धुतली.

दुसऱ्या दिवशी झाकण काढत होते, तर भागवतराव मागे येऊन उभे राहिले.

टोपलीत भाताचा गोळा होता. वर काळे तीळ. पाण्यात राहूनही फुटला नव्हता.

"काय निघालं वं?"

"पाला."

त्यांनी वाकून गोळा उचलला आणि जपून काठावर ठेवला.

बाभळीवरून कावळा उतरला. मी हाकलायला हात उचलला.

"खाऊ दे त्याले."

कावळ्यानं चोच मारली.

त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, "लय दिवसानं पोट भरल्यावानी वाटून राह्यलं."